चित्रमास्तरांची उन्हाळी तालीम आणि राहिलेली सावली

कोऱ्या कागदास ज्याने भय दिधले, पेन्सिलीस टोक दिधले आणि टोकास ऐनवेळी मोडण्याची बुद्धी दिधली, त्या नाव नसलेल्या धन्यास प्रथम नमस्कार. पुढे बैसोन ऐकणारांस नमस्कार, आणि दाराआड उभे राहोन ऐकणारांस अंमळ अधिक नमस्कार. शके एकोणीसशे चाळीस, विलंबीनाम संवत्सर, वैशाख वद्य पक्ष, ऊन ऐसे की गडावरील तोफेस हात लाविता चटका बसे, ते समयी चित्रमास्तरांच्या तालिमीत जे वर्तमान जाहले ते येणेप्रमाणे.

"सरका हो जरा मास्तर, अर्धं बाकडं तुमच्या त्या बोर्डानेच खाल्लंय. आणि मला एक सांगा, सुट्टी म्हणजे सुट्टी असते, हे या राज्याला कुणी शिकवलंच नाही का?" ऐसी कुरकूर सरकारी खटाऱ्याच्या मागील बाकड्यावर अगदी कानाशी ऐकू आली. कुरकुरणार त्या पार्वतीबाई डोईफोडे, घाटाखालील शाळेत चित्रकलेच्या बाई, अंगाने भरलेल्या, मनाने हळव्या, आणि तोंडाने तेवढ्या तिखट. ज्यांस उद्देशोन कुरकुरल्या ते लोटलीकर मास्तर, मंडळीत सर्वांत वडील, ज्यांच्या हातच्या छायाप्रकाशाची राज्यभर वाखाणणी. मास्तर बोर्ड उचलोन मांडीवर घेते जाहले आणि बोलिले, "शिकवलं असतं बाई, पण तो तास गणिताने घेतला." मग दोघेही हसली, आणि मागेपुढे बैसले तेही हसले, आणि इतक्यात खटारा वळणास लागला, आणि वर गड दिसला, आणि गडावरील चित्रशाळेची एक उघडी खिडकी दिसली, आणि हसू जेथल्या तेथे राहिले. बाईंनी पदराने तोंड पुसले आणि मास्तर बोर्डाच्या क्लिपा उगाच उघडझाप करीत बैसले.

राज्यात दंडक ऐसा होता की, वैशाखात शाळा बंद जाहल्या आणि मुले आजोळी गेली, की ज्या विषयांस वर्षभर कोणी पुसत नाही त्या विषयांच्या गुरुजनांस गडावर बोलावोन नवी विद्या पाजावी. चित्रकलेचे, हस्तकलेचे, गाण्याचे, व्यायामाचे, सर्व एकाच फर्मानात. चित्रमास्तरांची कथा काय सांगावी! वर्षभर यांचे तास दुसऱ्यांनी गिळावे, आणि पाहुणे येणार ऐसे कळले की स्वागताचा फळा यांनीच लिहावा, आणि संमेलनात राजास मिशा यांनीच काढाव्या, आणि गणपतीमागे डोंगर यांनीच उभा करावा, आणि मग कोणी म्हणावे, तुम्हांस काय, रंगवायचे तेवढे काम. ऐसे असता वर्षातोन एकदा तरी आपापसांत बैसोन, मुलांचा गलका नाही, घंटा नाही, मन लावोन एक चित्र काढावयास मिळते, या लोभाने मंडळी कुरकुरत का होईना परंतु येत. हा लोभ ध्यानी ठेवावा. पुढे जे जाहले ते याच लोभापायी जाहले.

त्याच खटाऱ्यात पुढील बाकड्यावर केतकी शेवाळे नामे मुलगी बैसली होती. तिची आई कुमुदबाई शेवाळे, चित्रकलेच्याच बाई, गेल्या उन्हाळ्यात याच तालिमीस आल्या आणि येथोन घरी गेल्या नाहीत. तालिमीतच वारल्या. राज्याने दया करोन आईची जागा लेकीस दिधली, आणि शाळेने आईचा रंगांचा डबा लेकीच्या स्वाधीन केला, आणि वैशाख लागताच आईची तालीमही लेकीच्या नावे निघाली. केतकीस नवी विद्या वगैरे काही नको होती. तिला एकच पुसावयाचे होते, की शेवटी आईजवळ कोण होते. वर्षभर घरी हाच एक प्रश्न तिच्या ताटाशी येवोन बैसत असे आणि घास उतरू देत नसे.

मग गडावर मुक्काम पडला, आणि ताकाचे पेले फिरले, आणि केतकीने पार्वतीबाईंस गाठले. बाई म्हणाल्या, "अगं, हसत होत्या बाई शेवटपर्यंत. जिना उतरता उतरता चक्कर आली आणि संपलंच. काही कळलंसुद्धा नाही त्यांना. तू ताक घे ना, जिरं घातलंय." केतकी तेथोन उठली आणि लोटलीकर मास्तरांकडे गेली. मास्तर पेन्सिलीस टोक करीत होते, ते करीतच राहिले आणि बोलिले, "जेवून जरा पडल्या होत्या, पोरी. झोपेतच गेल्या. चांगलं मरण आलं." केतकी म्हणाली, "मास्तर, आई दुपारची कधी झोपायची नाही." मास्तर म्हणाले, "उन्हाचं काय सांगता येतं," आणि पेन्सिलीचे टोक मोडले. मग ती ढमाले मास्तरांकडे गेली. हे व्यायामाचे मास्तर, पहाटे सर्वांस पटांगणात उभे करोन दीर्घ श्वास घ्यावयास लाविणारे, गळ्यात शिटी. गेल्या साली व्यायामाच्या तुकडीत जागा नाही म्हणोन यांस चित्रांच्या तुकडीत ढकलिले होते, आणि यंदाही तसेच. ढमाले म्हणाले, "मी नव्हतो. मी बाहेर मैदानात होतो," आणि बोलता बोलता यांची दृष्टी केतकीच्या गळ्याशी खिळली, तेथे श्वास चालतो की नाही हे पाहात असावे तैसी, आणि मग शिटी मुठीत दाबोन निघोन गेले. केतकीने मनात विचार केला की, एका बाईस इतकी निरनिराळी मरणे कशी आली. परंतु नवी आणि वयाने लहान, सबब गप्प राहिली.

दुसरे दिवशी मंडळी चित्रशाळेत गेली. चित्रशाळा म्हणजे पूर्वीचे दारूगोळ्याचे कोठार, भिंती रुंद, आवाज आत गेला की तेथेच मुरे. खिडक्या होत्या, परंतु एक सोडोन सर्वांवर काळे कापड ताणलेले, कारण उजेड एकाच अंगाने आला तर सावली नीट पडते आणि जागची हलत नाही. छतास पंखा होता, परंतु चित्र चालले असता तो बंद ठेवीत, कारण कागद उडतात. मधोमध एक लाकडी स्टूल होते. मंडळी आत आली आणि न बोलता भिंतीच्या कडेकडेने बैसली, ऐसी की मधली सर्व फरशी मोकळी आणि स्टूल एकटे.

मार्गदर्शक टिळेकर साहेब, नवे, तरुण, उत्साहाने फुललेले. पूर्वीच्या मार्गदर्शकाची बदली दूरच्या सुभ्यात जाहली होती, का ते कोणी पुसले नाही आणि कोणी सांगितले नाही. साहेब हात चोळीत बोलिले, "अहो जवळ या, जवळ या! स्टूल काही चावत नाही." मग मंडळी बूडभर सरकली. साहेब म्हणाले, "एक अडचण आहे. मॉडेल म्हणून बसायला ज्या म्हाताऱ्याला सांगितलं होतं, तो आलाच नाही." हे ऐकताच पार्वतीबाईंच्या हातोन खोडरबर पडले, कारण तो म्हातारा गेल्या सालीही आला नव्हता. साहेब म्हणाले, "हरकत नाही. नुसतं स्टूल काढू. आणि मुलांना सांगता ते आज स्वतः करा. जे माहीत आहे ते काढू नका, जे दिसतं ते काढा." हे वाक्य मंडळी वर्षभर वर्गात इतक्या वेळा बोलत की ते कानावर पडताच हात आपसूक चालू लागत. तैसे ते चालले.

आणि पार्वतीबाईंनी स्टुलाचे पाय काढिले, आणि वरचा पाट काढिला, आणि मग सावली घ्यावी म्हणोन फरशीकडे पाहिले. चार पायांची सावली होती, पाटाची सावली होती, येथवर ठीक. परंतु पाटाशी सावली संपेना. पाटापुढे तिला कंबर होती, मग पाठ होती, मग किंचित वाकलेली मान होती, आणि डोक्याच्या जागी अंबाडा होता, आणि अंबाड्यात एक पेन्सिल आडवी खोचलेली होती. बाईंनी स्टुलाकडे पाहिले. स्टुलावर कोणी नव्हते. पुन्हा फरशीकडे पाहिले. सावली स्वस्थ बैसली होती. बाईंच्या अंगावर काटा आला, आणि कपाळास घाम आला, परंतु हात थांबला नाही, कारण जे दिसते ते काढावे ही खोड हाडीमाशी गेलेली. मान उमटली, अंबाडा उमटला, आणि पेन्सिलीचा आडवा दांडाही उमटला, तेव्हा कोठे बाई भानावर आल्या आणि रबर घेवोन ते सर्व खोडू लागल्या. खोडता खोडता शेजारी पाहावे, तो लोटलीकर मास्तरही खोडत होते, आणि पलीकडील हस्तकलेच्या बाई खोडत होत्या, आणि सबंध चित्रशाळेत खोडरबरांची घसघस चालली होती, जैसे कोणी धापा टाकीत आहे. टिळेकर साहेब खिडकीशी पाठमोरे उभे होते, ते तिकडोनच म्हणाले, "एवढं काय खोडताय हो? स्टूलच आहे ना?" एक ढमाले मात्र खोडत नव्हते. त्यांस चित्र येत नसे. त्यांनी स्टुलास पाचवा पाय काढिला होता आणि त्या पायापलीकडे त्यांनी मान वर केली नव्हती.

मग वेळ संपली, आणि रिवाजाप्रमाणे सर्वांत धाकट्याने कागद गोळा करावे, म्हणोन केतकी उठली. तिने आपल्या कागदावर स्टूल काढिले होते आणि स्टुलाची सावली काढिली होती, चार पाय आणि पाट, अधिक काही नाही, कारण तिला अधिक काही दिसलेच नव्हते. एकेक कागद ती हाती घेत गेली. पेन्सिल खोडली तरी तिचा दाब कागदावर राहतो, आणि कागद उजेडाकडे तिरपा धरिला की खोडलेले सर्व दिसते. पार्वतीबाईंच्या कागदावर तिने एक पाठ पाहिली. लोटलीकर मास्तरांच्या कागदावर तीच पाठ पाहिली, दुसऱ्या अंगाने. तिसऱ्यावर मान पाहिली. चौथ्यावर अंबाडा, आणि अंबाड्यात आडवी पेन्सिल. केतकीचे हात तेथेच थांबले. तिची आई भाकरी थापताना ती पेन्सिल काढत नसे, भांडताना काढत नसे, निजतानाही विसरत असे, आणि घरातील सर्व उश्यांस काळ्या रेघा पडत, आणि त्यापायी लेकीची व आईची रोज कटकट होई. मग तिने विचारले, मोठ्याने नाही, परंतु त्या कोठारात सर्वांस ऐकू गेले: "माझी आई या स्टुलावर बसली होती का?"

पार्वतीबाई म्हणाल्या, "अगं, ऊन फार झालंय आज. चल, हात-पाय धू, जेवून घेऊ." केतकी म्हणाली, "जिना कुठला होता, बाई? या गडावर मला एकच जिना दिसला, त्याला चार पायऱ्या आहेत." बाई म्हणाल्या, "असं नको गं बोलू," आणि रडू लागल्या. लोटलीकर मास्तर फरशीकडे पाहात होते. ढमाले दाराकडे पाहात होते. मग केतकीने कागदांचा गठ्ठा खाली ठेविला, आपली वेणी गुंडाळोन अंबाडा बांधिला, हातातील पेन्सिल त्यात आडवी खोचली, आणि मधली मोकळी फरशी ओलांडोन ती स्टुलावर जावोन बैसली आणि म्हणाली, "कुणीतरी सांगेपर्यंत मी उठणार नाही."

टिळेकर साहेब वेळ संपताच बाहेर गेले होते, त्यांस यातले काही ठाऊक नव्हते. ते परत येवोन पाहतात तो मॉडेल आपसूक बैसलेले, उजेड अंगावर नेमका पडलेला. साहेब हरखोन बोलिले, "वा! शेवाळेबाई, छान बसता हो तुम्ही. अशाच राहा. हलू नका." हे शब्द ऐकताच मंडळीच्या चेहऱ्यांवरील रंग उतरला, कारण गेल्या साली त्या मार्गदर्शकाने याच जागी, याच आडनावाच्या बाईस, हेच शब्द ह्याच क्रमाने म्हटले होते. आणि तरीही, सांगता लाज वाटते, हात बोर्डाकडे गेले आणि कोरे कागद क्लिपांत अडकले आणि पेन्सिली चालू लागल्या. यांस दोष देणारे देवोत. ज्याने जन्मभर दुसऱ्यांचे फळे रंगविले, त्याच्या पुढ्यात ऐसा उजेड आणि ऐसी मान आली म्हणजे तो हात आवरत नाही.

केतकी बैसली ती बैसलीच. फरशीवर आता एकच सावली होती आणि ती कोणाची हे सांगता येत नव्हते. हवा थांबली होती. पंखा स्थिर होता. एक माशी आली आणि केतकीच्या गालावर बैसली, गालावरोन ओठाशी गेली, आणि ओठ हलला नाही. पापणी हलली नाही. आईचे अंग जैसे होते तैसेच लेकीचे, स्थिर म्हणजे किती स्थिर, आणि ते पाहोन पेन्सिली आणखी जोमाने चालू लागल्या. लोटलीकर मास्तरांच्या कागदावर मान तर ऐसी उतरली की जन्मात उतरली नव्हती, किंबहुना एकदाच उतरली होती. आणि मग केतकीचा उजवा हात मांडीवरोन हळूच घसरला आणि खाली लोंबता राहिला.

ढमाले मास्तर अर्धे उठले. "बाईंचा हात..." इतकेच त्यांच्या तोंडोन निघाले आणि त्यांनी आपल्याच हाताने आपले तोंड दाबिले, आणि ते लोटलीकरांकडे पाहू लागले, मार खाल्लेले मूल पाहाते तैसे. लोटलीकर मास्तरांची पेन्सिल कागदावर टेकलेली होती. ती कागदात घुसली, आणि कागद फाटला.

"हल गं पोरी!" मास्तर ओरडले. बोर्ड फरशीवर आदळला. "हल! श्वास घे! ढमाले, बघ तिला, बघ, श्वास आहे का बघ!" केतकी हलली नाही. मास्तर गुडघ्यांवर आले आणि बोलू लागले, आणि त्यांच्या तोंडोन शब्द ऐसे पडू लागले जैसे वर्षभर दाताखाली धरिले होते. "जिन्यात नाही गेल्या त्या. झोपेत नाही गेल्या. इथंच गेल्या, या स्टुलावर. म्हातारा आला नाही म्हणून बाई म्हणाल्या, मी बसते. मधे एकदा पाणी मागितलं. मीच म्हटलं, एवढं होऊ द्या बाई, उजेड जाईल. बसल्या बिचाऱ्या. मग हात घसरला. हा ढमाले म्हणाला, बाईंचा हात बघा. मी त्याला गप्प केलं, म्हटलं तुला चित्रातलं काय कळतं. तू विचारतेस ना, जवळ कोण होतं? सगळे होतो गं. हात लांब केला असता तर लागला असता."

पार्वतीबाई म्हणाल्या, "मास्तर, पुरे." मास्तर म्हणाले, "नाही बाई. हिला अर्धं नको सांगायला." मग केतकीकडे तोंड करोन, परंतु तिच्या डोळ्यांस डोळा न देता, फरशीकडे पाहोन बोलिले, "आम्हाला कळलं होतं. नंतर सगळे म्हणालो की कळलं नाही, पण कळलं होतं. बाई गेल्या आहेत हे बघून आम्ही काढत होतो. चित्र इतकं सुंदर येत होतं, पोरी. आणि सावली द्यायची राहिली होती."

तेव्हा केतकीने मोठा श्वास घेतला, बुडत्या माणसाने वर येवोन घ्यावा तैसा, आणि माशी उडाली, आणि तिने लोंबता हात उचलोन अंबाड्यातील पेन्सिल ओढोन काढिली. केस पाठीवर सुटले. ती स्टुलावरोन उठली. फरशीवरील सावली मात्र लगेच उठली नाही. ती क्षणभर तैसीच बैसोन राहिली, अंबाडा बांधलेला, पेन्सिल खोचलेली, आणि मग सावकाश, बराच वेळ एका जागी बैसलेले माणूस उठते तैसी उठली, आणि खिडकीकडील भिंतीत गेली. हे सर्वांनी पाहिले. काढिले कोणी नाही. हात कसा घसरला, म्हणोन पुढे केतकीस पुसले, तेव्हा ती म्हणाली, "मी नाही घसरवला."

ऐसे हे वर्तमान. गेल्या सालची चित्रे केतकीने मागोन घेतली आणि लोटलीकर मास्तरांनी आपले स्वतः आणोन दिधले. ते ती घरी लावीत नाही आणि टाकीतही नाही. मास्तरांशी ती बोलते की नाही, हे ज्याचे त्याने पुसावे. राज्यात उन्हाळी तालीम अद्याप चालते, मंडळी अद्याप कुरकुरत येतात, आणि चित्रशाळेत स्टुलावर जो कोणी बैसेल त्याच्याशी मधून मधून बोलत राहावे, पाण्याचा पेला त्याच्या हाताशी ठेवावा, आणि पंखा चालू ठेवावा, कागद उडाले तर उडू द्यावे, ऐसा दंडक पडला तो पडला.